लाखाचा दाम : रक्तदाब आणि शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन. वक्त्या अनेक वर्षे रुग्णालयाच्या रिकव्हरी रूममध्ये परिचारिका होत्या.)



समितीने मला आरोग्याविषयी काही बोलण्याची विनंती केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. आज या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी क्वचितच एखादे असे असेल, की ज्यातील कोणी ना कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेले नाही. कोणाचे हृदय, कोणाचे आतडे, कोणाच्या खुब्याचे हाड. मी तीस वर्षे रिकव्हरी रूममध्ये काम केले. दाराबाहेर ताटकळत उभे असलेले नातेवाईक हिब्रूतून, रशियनमधून, अम्हारिकमधून आणि कधीमधी आपल्या मराठीतून मला एकच प्रश्न विचारीत: ‘‘आता आमचे माणूस बरे होईल ना?’’ सर्जन तर नुकतेच ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ असे सांगून गेलेले असत. पण शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि माणूस बरे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दाराशी उभे राहणाऱ्या प्रत्येकाला मनातून कळत असते.

आजकाल शस्त्रक्रियेच्या टेबलावर मृत्यू येणे फार दुर्मीळ झाले आहे. खरा धोका पुढच्या दिवसांत असतो. मग ते दिवस कसे जातील, याचा काही अंदाज आधी बांधता येतो का? काही प्रमाणात येतो. त्या अंदाजाचे एक साधन तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात, औषधांच्या डब्याशेजारी पडलेले आहे. रक्तदाबाला हिब्रूत ‘लाखात्स दाम’ म्हणतात. माझे वडील या देशात आले तेव्हा हे शब्द ऐकून हसले होते. ‘‘लाखात दाम? मग महागच असणार!’’ असे ते म्हणाले. त्यांचा विनोद किती खरा होता, हे मला पुढे फार महागात पडून समजले. ती हकीकत मी यथावकाश सांगणारच आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. आमचे घराणे मूळचे अलिबागकडचे. तिथल्या वाड्यांत रहाटाचे पाणी पाटाने माडापोफळीला जाई. पहिल्या माडाच्या आळ्यात पाणी भरले की काम झाले, असे कोणी मानीत नसे. शेवटच्या माडाचे आळे ओले झाले का, हे बघायला माणूस वाडीच्या टोकापर्यंत जाई. या देशात ठिबक सिंचनाची नळी पाहिली की मला तेच आठवते. नळीत दाब असेल तरच शेवटच्या छिद्रातून थेंब पडतो. आपले शरीर हीसुद्धा अशीच एक वाडी आहे. हृदय हा रहाट. मेंदू, मूत्रपिंडे, आतडी आणि स्वतः हृदयाचे स्नायू ही दूरची झाडे. रक्ताला पुरेसा दाब असेल तरच ते तिथवर पोचते.

हा दाब मोजण्याची कथा मोठी रोचक आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उंच काचनळी जोडली. रक्त आठ फुटांहून अधिक वर चढले. हे प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. माणसाच्या बाबतीत असे करणे शक्य नव्हते. त्वचेला छेद न देता दाब मोजण्याचे उपकरण १८८१ च्या सुमारास साम्युएल फॉन बाश यांनी तयार केले. हे प्रागमध्ये जन्मलेले यहुदी वैद्य होते आणि मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याचे खासगी वैद्य म्हणूनही त्यांनी काम केले होते. पाण्याने भरलेला लहानसा फुगा नाडीवर दाबायचा आणि नाडी कोणत्या दाबाला थांबते ते पाऱ्यावर वाचायचे, अशी त्यांची युक्ती होती. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ऐकण्याची रीत शोधून काढली.

हे उपकरण शस्त्रक्रियागृहात नेण्याचे श्रेय मुख्यतः हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाला जाते. विद्यार्थिदशेत त्याच्यावर ईथर देण्याचे काम सोपवले गेले आणि त्याच्या हाताखाली एक रुग्ण दगावला. तो आघात त्याने विसरून टाकला नाही. कॉडमन या मित्रासह त्याने भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वास ठरावीक वेळाने कागदावर नोंदवण्यास आरंभ केला. पुढे १९०१ मध्ये इटलीतील पाविया येथे त्याने रिवा-रोच्चीचे उपकरण पाहिले आणि ते तो बाल्टिमोरला घेऊन गेला. आज प्रत्येक शस्त्रक्रियेत रक्तदाबाचा जो आलेख ठेवला जातो, त्याचे मूळ एका तरुणाच्या अपराधी मनात आहे. मला या गोष्टीचे नेहमीच विशेष वाटत आले आहे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोर काहीसा कमी होतो. त्यातच रक्तस्राव होतो. या सर्वांमुळे दाब उतरतो. डॉक्टर वरच्या आणि खालच्या आकड्यांपासून एक सरासरी काढतात. खालचा आकडा दुप्पट करायचा, त्यात वरचा मिळवायचा आणि तिनाने भागायचे. १२०/८० असेल तर सरासरी सुमारे ९३ येते. ही सरासरी ६५ च्या खाली जाऊन तिथे रेंगाळली, तर मूत्रपिंडांना व हृदयाला इजा होण्याचा संभव वाढतो, असे हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. दाब जितका खोल आणि जितका वेळ खाली, तितका धोका अधिक.

या माहितीवरून भाकीत करण्याचा एक अत्यंत साधा प्रयत्न डॉक्टर अतुल गवांदे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बोस्टनमधून प्रसिद्ध केला. हे नाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील. होय, त्यांचे वडील महाराष्ट्रातलेच. १९५३ मध्ये व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बालकासाठी दहा गुणांची पद्धत प्रसिद्ध केली होती, ती आपल्या सुनांना-लेकींना बाळंतपणामुळे परिचित आहे. त्याच धर्तीवर गवांदे यांनी शस्त्रक्रियेसाठी दहा गुण योजले. त्यासाठी तीनच गोष्टी पाहायच्या: रक्त किती गेले, सरासरी दाब कमीत कमी किती झाला आणि नाडीचा वेग कमीत कमी किती होता.

समजा, रक्तस्राव ३०० मिलिलिटर झाला. त्याचे २ गुण. सरासरी दाब ६२ पर्यंत उतरला, त्याचे २. नाडी सर्वांत कमी असताना ७२ होती, त्याचे २. एकूण ६. त्यांनी ज्या ७६७ रुग्णांवर ही पद्धत पडताळून पाहिली, त्यांतील ९ किंवा १० गुण मिळालेल्या २२० जणांपैकी केवळ ८ जणांना तीस दिवसांत गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू यांना तोंड द्यावे लागले. ज्यांना ४ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, अशा २९ जणांपैकी मात्र १७ जणांवर तो प्रसंग आला. तीन साध्या आकड्यांनी एवढे सांगावे, हे नवलच.

तथापि येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. हे भाकीत समूहाचे असते. २९ पैकी १२ जण त्या संकटातून वाचले, हेही तितकेच खरे. कमी गुण मिळाले याचा अर्थ ‘या खाटेकडे आज रात्री जास्त वेळा जा’ एवढाच. रुग्णाच्या कपाळी काय लिहिले आहे, ते हे गुण सांगत नाहीत. पहारा कुठे बसवायचा, ते सांगतात.

आपल्या देशातील एका संशोधनाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. अझ्रिएल पेरेल, पिझोव्ह आणि कोतेव्ह यांनी १९८७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कृत्रिम श्वासयंत्रावर असताना प्रत्येक श्वासाबरोबर रक्तदाब किंचित वरखाली हेलकावतो. शरीरातील रक्त कमी होऊ लागले की हा हेलकावा वाढतो, असे त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिले. होडीत भार कमी असला की ती लाटेवर अधिक डुलते, हे आपल्या कोकणातल्या लोकांना निराळे सांगायला नको. दाबाचा आकडा स्थिर दिसत असताही त्याच्या डुलण्यावरून आतली उणीव ओळखता येते, ही दृष्टी या कामामुळे मिळाली. आज अतिदक्षता विभागातील यंत्रे असे हेलकावे आपोआप मोजून दाखवतात.

आता माझ्या वडिलांची हकीकत सांगते. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे असताना त्यांच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. तिसऱ्या रात्री त्यांच्याजवळ माझा धाकटा भाऊ होता. मी दुसऱ्या रुग्णालयात रात्रपाळीवर होते. रात्री परिचारिकेने दाब मोजला: १०८/६२. ‘‘तरुण माणसासारखा आहे,’’ असे ती हसून म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. बाबांनी भावाला सांगितले, ‘‘अरे, अंगाला ओहोटी लागल्यासारखे वाटते.’’ भावाने ते हिब्रूत सांगायचा प्रयत्न केला. ओहोटीला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होते. पण ‘वडिलांच्या अंगात ओहोटी आली आहे’ हे ऐकून कोणाला काय बोध व्हावा? ‘थकले आहेत’ एवढाच अर्थ तिकडे पोचला.

पहाटे पाळी संपवून मी तिथे गेले. बाबांचे हात गार होते, नाडी जलद होती आणि लघवीच्या पिशवीत रात्रभरात जेमतेम दोन बोटे लघवी जमली होती. मी विचारले, ‘‘यांचा नेहमीचा दाब किती असतो?’’ ते कोणालाच सांगता येईना. कागदांवर तो कुठेही लिहिलेला नव्हता. आणि मित्रहो, तो मलाही नेमका ठाऊक नव्हता. परक्यांचा दाब दर पंधरा मिनिटांनी मोजून लिहिणारी मी, स्वतःच्या बापाचा आकडा सांगू शकले नाही.

पोटात हळूहळू रक्तस्राव होत होता. त्यांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. ते वाचले, पण मूत्रपिंडांची शक्ती पूर्ववत झाली नाही.

आठवड्याने मी त्यांच्या घरी कपडे आणायला गेले, तेव्हा स्वयंपाकघरातील फळीवर, चहाच्या डब्यामागे, एक वही सापडली. बाबा रोज सकाळी दाब मोजून तिच्यात लिहीत असत. तारखेसह, सुवाच्य अक्षरात, मराठी आकड्यांत. १५८/८६. १६०/८४. १५६/८८. पानामागून पाने. त्यांच्या गेल्या दोन वर्षांच्या प्रकृतीचा संपूर्ण इतिहास त्या फळीवर पडून होता आणि रुग्णालयात मात्र त्यांची गणना ‘१०८, उत्तम’ अशी झाली होती. १५८ वर सवयीने चालणाऱ्या शरीराला १०८ म्हणजे एक तृतीयांशाची घट. सरासरी काढली तर ११० वरून ७७. पुस्तकातल्या ६५ च्या सीमेपेक्षा तो आकडा वरच होता. पण त्यांच्या वाडीतल्या शेवटच्या माडाला पाणी पोचत नव्हते.

त्या रात्री परिचारिकेने कर्तव्यात कसूर केली, असे मी म्हणणार नाही. तिने मोजले, लिहिले. तुलना करण्यासाठी लागणारा आकडा तिच्या हाती देणे हे आमचे काम होते.

प्रत्येकाचा दाब त्याच्या स्वतःच्या मोजमापाने तोलावा, या विचाराला पुढे फ्रान्समधील एका अभ्यासाने बळ दिले. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे तीनशे जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांचा वरचा दाब शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या नेहमीच्या दाबाच्या दहा टक्क्यांच्या आत राखला गेला. उरलेल्यांवर प्रचलित रीतीने उपचार झाले. पहिल्या गटात सुमारे ३८ टक्के रुग्णांच्या एखाद्या तरी अवयवाच्या कार्यात पहिल्या आठवड्यात बिघाड झाला, तर दुसऱ्या गटात सुमारे ५२ टक्के.

असे असले तरी दाब औषधाने वर ठेवला की सारे ठीक होईल, असा सोपा निष्कर्ष काढू नये. २०२३ मध्ये २२ देशांतील ७४९० रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात शस्त्रक्रियेच्या वेळी सरासरी दाब ८० च्या वर राखण्याचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या गटात ६० च्या वर. हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास राहिले. यातून मी एवढेच शिकले, की उतरलेला दाब ही पुष्कळदा बातमी असते. घंटा वाजली तर घंटेला कापड गुंडाळून भागत नाही. दारात कोण आले आहे ते पाहावे लागते. रक्त जात आहे, पाणी कमी पडले आहे, जंतुसंसर्ग झाला आहे की हृदय थकले आहे, याचा शोध घ्यावा लागतो.

म्हणून आज घरी जाताना काही गोष्टी मनात धरून जावे, अशी माझी विनंती आहे.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दाब मोजा. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीवर घेऊन, दर वेळी एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. नाडीचा वेगही लिहा. आणि आकडे रुग्णालयातल्या लोकांना वाचता येतील अशा लिपीत लिहा. मराठी आकड्यांवर माझे प्रेम तुमच्याइतकेच आहे. पण ते प्रेम फळीवर राहू द्या.

तो कागद भूलतज्ज्ञांच्या हाती द्या आणि ‘हा यांचा नेहमीचा दाब’ असे स्पष्ट सांगा. दाबाच्या गोळ्यांची यादीही सोबत द्या. काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी थांबवाव्या लागतात, तर काही एकाएकी थांबवणे घातक असते. हा निर्णय भूलतज्ज्ञांचा. शेजारच्या काकूंचा नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात दाब काही तासांच्या अंतरानेच मोजला जातो. मधल्या काळात पुष्कळ काही घडू शकते. तेव्हा खाटेशी बसणाऱ्या नातलगाने आकडा नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहावा. नाडी वाढत चालली आहे का, हातपाय गार आहेत का, लघवी कमी झाली आहे का, माणूस असंबद्ध बोलू लागला आहे का, हे बघावे. यांपैकी काही दिसले तर भीड न बाळगता परिचारिकेला बोलवावे. पहिल्यांदा उठवताना आधी बसवावे, मग उभे करावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती सावध होण्याची खूण आहे. अशाच वेळी माणसे पडतात आणि एका शस्त्रक्रियेतून दुसरी उद्भवते.

आपल्या वडीलधाऱ्यांची दुखणी मराठीत बोलतात, हेही ध्यानात ठेवा. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’, या शब्दांचे जसेच्या तसे हिब्रू करू नका. चक्कर येत असेल तर ‘सखारखोरेत’ म्हणा आणि लगेच आकडा सांगा: ‘‘यांचा दाब एरवी १५८ असतो, आता १०८ आहे.’’ आकड्याला भाषांतर लागत नाही. घरी परतल्यावरही दोन आठवडे वही चालू ठेवा. दाब नेहमीपेक्षा पुष्कळ उतरला आणि सोबत ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले, तर कुपत खोलिमच्या वेळेची वाट पाहत बसू नका. १०१ क्रमांक फिरवा. आणि तो शब्बाथ असला तर? जीव वाचवण्यापुढे शब्बाथ बाजूला ठेवावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलेच आहे.

बाबा त्यानंतर सहा वर्षे जगले. पथ्यपाणी, तपासण्या, औषधे यांत ती गेली, पण जगले. बरे होऊन घरी आल्यावर आम्ही मलिदा केला. पोहे, खोबरे आणि फळांनी भरलेल्या ताटासमोर ते भिंतीला टेकून बसले होते. सर्वांच्या शुभेच्छा घेऊन झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि वही पुढे केली. ‘‘आजचा आकडा तू लिही,’’ ते म्हणाले, ‘‘त्यांना वाचता येईल असा.’’

ती वही आज मी सोबत आणली आहे. कोणाला पाहायची असेल त्यांनी व्याख्यानानंतर अवश्य पाहावी. मागच्या टेबलावर दाब मोजण्याची दोन यंत्रेही ठेवली आहेत. चहा घेण्याआधी मोजून घ्या, कारण चहाने आकडा चढतो. सोबत ठेवलेल्या कागदावर तो लिहून न्या आणि घरातल्या एका तरी माणसाला तोंडपाठ करायला लावा.